बायांच्या वॉर्डातला बाप

गरिबाच्या हातात रोख पैसा दिला की तो पोराच्या तोंडात जात नाही, बापाच्या घशात जातो. हे वाक्य मी नोकरीला लागले तेव्हा ऐकलं आणि निवृत्तीच्या निरोप समारंभातही ऐकलं. बोलणारे साहेब बदलले होते, वाक्य तेच होतं. अंगावर शाल आणि हातात नारळ होता म्हणून मी गप्प बसले. संपादकांनी दिवाळी अंकासाठी ‘नोकरीतलं काही तरी’ मागितलं तेव्हा ठरवलं, त्या दिवशी गिळलं ते आता लिहून टाकायचं.

मी बालविकास प्रकल्पात मुख्य सेविका होते. नावातल्या ‘मुख्य’वर जाऊ नका. अंगणवाडीची सेविका गावात असते, साहेब तालुक्याला असतात आणि मुख्य सेविका या दोघांच्या मधल्या रस्त्यावर असते. सुरुवातीची वर्षं धुळे जिल्ह्यात साक्रीकडे गेली, पुढची जळगाव जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. माझे वडील अमळनेरला तेलाच्या कारखान्यात पोती उचलायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी आजही मान वर करून सांगते. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा आत्या म्हणाली होती, “आते पोर पंखाखाल बठी.” पंखा मिळाला तो निवृत्तीच्या अलीकडे. तोवर एसटीची मागची सीट, फाट्यापासून पायवाट आणि खांद्याला वजनकाटा.

हा काटा फांदीला किंवा आढ्याला टांगायचा. खालच्या हुकाला कापडी झोळी, झोळीत मूल. मूल किंचाळतं, सुई नाचते, आणि ती जरा थांबली की वजन वाचून घ्यायचं. वयाच्या मानाने वजन किती कमी, त्यावरून तेव्हा चार श्रेणी असत. पहिल्या दोन म्हणजे लक्ष ठेवा. तिसरी म्हणजे धावा. चौथी म्हणजे आत्ताच्या आत्ता दवाखान्यात हलवा.

मुलाला दवाखान्यात हलवता येई. तिथे टिकवणं अवघड होतं. ग्रामीण रुग्णालयात मुलाला दूध, औषध, सुई, सगळं फुकट मिळे. सोबतच्या आईला काही मिळत नसे. ती रोजावर जाणारी बाई. तिचा रोज बुडाला की घरी राहिलेल्यांची चूल विझली. दोन-तीन दिवस ती कशीबशी काढी आणि मग पोर उचलून चालू लागे. दवाखान्यात अशा बायांना ‘पळपुट्या’ म्हणत. शेऱ्याच्या रकान्यात ‘पळून गेली’ असं लिहीत.

सकूबाई अशीच एक पळपुटी. भिल्ल बाई, तोंडाने फटकळ. मी तिच्या मुलाला स्वतः दाखल केलं होतं. तिसऱ्या दिवशी ती मला दवाखान्याच्या फाटकाशीच भेटली, पोर खांद्यावर.

“कोठे चालनी सकूबाई?”

“घर.”

“अगं, पोर आता कुठे डोळे उघडतंय.”

“आठे याले दूध भेटस, माले काय भेटस? घर तीन जन शेतस. त्या काय तुना काटा खातीन?”

मी हात जोडले, रागावले, एसटी सुटेपर्यंत तिच्यामागे फिरले. ती थांबली नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमारास तिच्या पाड्यावर गेले तेव्हा पोराच्या झोळीचं लुगडं सोडून, धुऊन दोरीवर वाळत घातलेलं होतं. तिने मला पाणी दिलं. पोर किती दिवस जगलं, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही, तिनेही सांगितलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी, नव्वदीच्या दशकात, आमच्या आदिवासी भागासाठी एक आदेश आला. कुपोषित मुलासोबत दवाखान्यात राहणाऱ्या मातेला, तिचा रोज बुडतो म्हणून, दिवसामागे ठरलेली रोख भरपाई. त्या भरपाईचं नाव होतं ‘बुडीत मजुरी’. सरकारी कागदात इतका खरा शब्द मी क्वचितच वाचला आहे. ज्याने कोणी तो लिहिला, त्याने कधी तरी एखाद्या सकूबाईला फाटकाशी अडवलं असणार.

फरक डोळ्यांना दिसला. बाया थांबू लागल्या. पैसे फार नव्हते, पण घरी पीठ पाठवता येई. दारूचं म्हणाल, तर एक नवरा मी पाहिला. पैसे वाटायच्या दिवशी बरोबर झुलत झुलत आला आणि बायकोच्या हातातून घेऊन गेला. दुसऱ्या खेपेला वॉर्डातल्या बायांनीच त्याला व्हरांड्यातून हाकलला. तो एक नवरा साहेबांच्या भाषणात पुढे कैक वर्षं चालला. बाकीच्या घरांत तेवढ्या दिवसांत डाळ शिजली, त्याचं भाषण होत नाही. आणखी एकीने पहिल्या पैशात आरसा आणला, त्यावरही बोलणी झाली. मी म्हटलं, पोर बरं होतंय ना? मग आईने तोंड बघितलं तर बिघडलं कुठे?

आता जामसिंगबद्दल.

कापूस वेचणीचे दिवस होते. वेचणीला डोंगरातून पावरा लोकांच्या टोळ्या खाली उतरतात, शेताच्या बांधावर झोपड्या टाकतात आणि कापूस संपला की पुढच्या गावाला जातात. त्यांची आपसातली बोली वेगळी. आमच्याशी ते अहिराणीत बोलत, आणि अहिराणी माझ्या आईची. एका गावच्या सेविकेने मला अशा झोपडीकडे नेलं. आत दीड वर्षाची सुनी होती. मांड्यांची कातडी सैल लोंबत होती, चेहरा म्हातारीचा. मी तिला झोळीत टांगलं तर ती रडलीसुद्धा नाही. रडणाऱ्या मुलाची मला कधी भीती वाटली नाही, न रडणाऱ्याची वाटे.

चौथी श्रेणी. मी तिच्या आईला, रुमलीबाईला म्हटलं, आवर, दवाखान्यात राहायचंय. ती नवऱ्याकडे बघू लागली. नवरा, जामसिंग, पुढे झाला.

“ताई, मी येस पोरनासंगे.”

“तू? आईला येऊ दे की.”

“कापूस ती येचस. तिना हात चालस तसा मना चालस नही. ती बठनी तं आम्ही खासूत काय?”

खरं होतं ते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. रुमलीबाईचे दोन्ही हात एकाच वेळी दोन बोंडांवर चालत. जामसिंग तिच्या निम्मासुद्धा वेचत नसे. टोळीतल्या बाया त्याला चिडवत की हा कापूस वेचतो की बोंडांची नावं विचारतो. घरात चार वर्षांचा रमेश होता, त्याचंही पोट होतं. जो कमी कमावतो त्याने पोरीजवळ बसावं, हा त्यांचा हिशेब सरळ होता. तो मान्य करून मी बाप-लेकीला घेऊन निघाले.

वॉर्डात गेलो तर कमल सिस्टर दारातच आडव्या आल्या.

“मुख्य सेविका बाई, हा बायांचा वॉर्ड आहे. इथे अंगावर पाजणाऱ्या बाया बसतात. पुरुष कसा ठेवू मी?”

त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी दाराजवळची खाट मिळाली. दिवसा तो आत बसेल, अंधार पडला की दाराबाहेर व्हरांड्यात. वॉर्डातल्या बाया पदर ओढून, तोंडात पदर धरून हसत होत्या. एक फैजपूरकडची केळीच्या बागेत कामाला जाणारी बाई होती, तिने विचारलंच,

“ओ भाऊ, पोरले दूध बी तूच पाजशी का?”

“वाटीघाई पाजसू,” जामसिंग म्हणाला. “तू पाह्यत ऱ्हाय.”

आणि त्याने वाटी-चमच्याने पाजलं. अशा मुलाला भूक राहिलेली नसते. चमचा ओठाला लावला की ते तोंड फिरवतं. आया दहादा लावतात आणि थकतात. जामसिंग थकत नसे. कापूस वेचताना जो सावकाशपणा टोळीच्या चेष्टेचा होता, तोच इथे कामाला आला. एक चमचा, मग काही तरी गुणगुणणं, मग बोटाने ओठ पुसणं, मग दुसरा चमचा. चार-पाच दिवसांत बाया त्याच्यासमोर पदराची फार फिकीर करेनाशा झाल्या, आणि न्हाणीत जाताना आपली पोरं त्याच्याजवळ टाकून जाऊ लागल्या. कमल सिस्टर म्हणाल्या, “मला आया ठेवायची असेल तर यालाच ठेवेन.”

काट्याची सुई हलकेच वर सरकू लागली. एके सकाळी मी व्हरांड्यात होते आणि आतून मूल रडल्याचा आवाज आला. जोरात, हट्टाने. “कोणाचं गं ते?” सिस्टरनी विचारलं. “सुनीचं!” तीन-चार बाया एकदम ओरडल्या. मी आत जाऊन त्या रडण्याकडे बघत उभी राहिले.

पण पैसे निघेनात. आस्थापनेवरच्या कारकुनाने, भाऊसाहेबांनी, कागद माझ्यापुढे सरकवला.

“वाचा मॅडम. ‘मातेस’ लिहिलंय. पित्यास कुठे आहे?”

“भाऊसाहेब, खाटेजवळ कोण बसलंय ते तर बघा.”

“बसू द्या की. बसायला कोण नाही म्हणतो? उद्या ऑडिट आलं की विचारेल, ही जामसिंग नावाची माता कोण? मग काय, लुगडं नेसवून उभा करू त्याला?”

ऑफिसातले दोघं-तिघं हसले. माणूस दुष्ट नव्हता. नियमाबाहेर दिलेला पैसा आधीच्या कारकुनाच्या पगारातून कापला गेला होता, हे त्याने पाहिलं होतं. माझं तोंड बघून तो आवाज उतरवून म्हणाला, “एक करा. बाजाराच्या दिवशी त्याच्या बायकोला आणा. मी अंगठा घेतो, पैसे देतो. कागदावर ती बसली, खाटेजवळ तो बसला. पोर बरं झाल्याशी मतलब.”

मला ते पटलं. आजही पटतं.

बाजाराच्या दिवशी रुमलीबाई आली. बोंडांच्या टोकांनी तिची बोटं ओरखडलेली होती. आधी ती वॉर्डात गेली, सुनीला घट्ट धरलं, मग आम्ही तिघं ऑफिसात गेलो. भाऊसाहेबांनी शाईची डबी उघडली.

“हाऊ अंगठा कसाना?” तिने मला विचारलं.

“तू पोरीजवळ बसलीस त्याच्या मजुरीचा.”

“मी कोठे बठनू? तो बठना.”

“अगं बाई, दे अंगठा, घे पैसे, हो मोकळी,” भाऊसाहेब म्हणाले.

तिने हात पाठीमागे नेला. “नही. त्यानं गाठोडं मनं म्हनीसन मोजू का मी?”

भाऊसाहेबांना काही कळलं नाही. मला कळलं, कारण संध्याकाळी शेतावर कापूस मोजताना मी पाहिलेलं होतं. दिवसभर वेचलेल्या कापसाचं प्रत्येकीचं गाठोडं वेगळं. ज्या बाईने वेचलं तीच ते काट्यावर ठेवणार, मुकादम वजन पुकारणार. त्या बाया एकमेकींना पीठ उसनं देतील, पोर सांभाळतील, बाळंतपण करतील. पण दुसरीच्या गाठोड्यावर आपलं नाव सांगितलं की टोळीतून उठावं लागतं. सख्ख्या बहिणीचं असलं तरी. नवऱ्याचं असलं तरी. टोळी चालते ती एवढ्या एका गोष्टीवर. रुमलीबाईला शाईची डबी म्हणजे काटा दिसत होता.

“अगं, नवरा आहे ना तुझा?” मी म्हटलं.

“नवरा शे, म्हनीसन तं. त्यानं काम ते त्यानं. त्याले द्या ना. मी कोठे नही म्हनस?”

“त्याला देता येत नाही.”

“काबरं? बाप नही का तो?”

मी तिला समजावलं. थोडं रागावलेसुद्धा. म्हटलं, हे सरकारचं आहे, कोणाचं नुकसान नाही, पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे. जामसिंग खाली बघत उभा होता. तो एकदाच बोलला, तेही तिला नव्हे, मला: “ऱ्हाऊ द्या ताई. टोळीले समजनं तं तिले गाठोडं मोजू देवाव नहीत.”

भाऊसाहेबांनी डबी मिटली. “मॅडम, आता मी काय करू सांगा.” खरंच त्यांच्या हातात काही नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात ती दोघं त्यांच्या बोलीत बोलत राहिली. मला शब्द कळत नव्हते. काय ठरतंय ते कळत होतं. पोरीला उचलून न्यायचं की ठेवायचं. सकूबाईचं फाटक माझ्या डोळ्यांपुढे होतं. मग जामसिंग माझ्याकडे वळला.

“मी बठस.”

“आणि घरचं?”

“भरी जाई पोट,” रुमलीबाई म्हणाली. “जरासं कमी.”

दुसऱ्या दिवशी मी जळगावला वरिष्ठांकडे गेले. ‘माता’ या शब्दात बाप बसवता येईल का, एवढंच विचारायचं होतं. साहेबांनी ऐकून घेतलं. “मुद्दा चांगला आहे. आपण वरून मार्गदर्शन मागवू.” मार्गदर्शन आलं, हे मी कबूल करते. ‘माता, पिता अथवा सोबत राहणारी पालक व्यक्ती’, असं स्वच्छ लिहिलेलं. ते आलं तेव्हा शेतांत कपाशी संपून पऱ्हाटीची काडी उपटून झाली होती आणि टोळ्या डोंगरात परतल्या होत्या. शिवाय ते पुढच्या प्रकरणांना लागू होतं, मागच्यांना नाही. जामसिंगची मजुरी बुडाली ती बुडालीच. पुढे कैक बाप, आज्या, एक मावशी त्या कागदावर खाटेशेजारी बसल्या आणि पैसे घेऊन गेल्या. त्यांपैकी कोणाला रुमलीबाई माहीत नाही.

सुनी बरी झाली. जामसिंग तिला खांद्यावर बसवून निघाला तेव्हा बाया दारापर्यंत आल्या. फैजपूरची ती बाई म्हणाली, “भाऊ, पुढली खेपले मना धल्लाले शिकाडी जाय.” धल्ला म्हणजे म्हातारा, नवऱ्याला ती तसंच म्हणे. सिस्टर हसता हसता आत गेल्या.

टोळी तोवर दुसऱ्या गावच्या शेतावर गेली होती. थोड्या दिवसांनी, सुनी घरी टिकली का ते बघायला, मी काटा घेऊन तिकडे गेले. दुपार होती. बांधावरच्या बाभळीला काटा टांगला. सुनीने झोळीत हातपाय झाडले, मला लाथ मारली, सुई चांगली वर थांबली. जामसिंगने ते वजन तीन वेळा वाचून घेतलं, वाचता येत नसून. रुमलीबाई कापसातून उठून आली होती, कमरेला वेचणीची ओटी तशीच, निम्मी भरलेली.

“आते मना!” रमेश माझ्या लुगड्याला धरून उभा होता. त्यालाही झोक्यात बसायचं होतं.

“याले बी मोजा ताई,” जामसिंग हसून म्हणाला. “मी नव्हतू तं हाऊ जाडा व्हई गया. पाय पाह्यना का?”

मी पाय पाहिले. गोल, चकचकीत, भरलेले. चेहराही फुगीर. केसांचा रंग मात्र तांबूस झाला होता, आणि चार वर्षांचं मूल नवीन माणूस आलं तरी बांधावरून हललं नव्हतं, माझं लुगडं धरून उभं होतं ते तोल सावरायला. मी काटा तसाच सोडला आणि खाली बसले. त्याच्या पायावर, नडगीच्या खाली, अंगठा दाबला, धरून ठेवला, उचलला. खड्डा पडला. तो भरून येईना.

“हा काय खातोय?” मी विचारलं.

“भाकर,” रुमलीबाई म्हणाली. “भाकर आन मिरची.”

“डाळ?”

एका मजुरीत डाळ बसत नव्हती. सकाळी भाकरी फडक्यात बांधून त्याला बांधावर बसवायचं आणि संध्याकाळी उचलायचं, असं चाललं होतं. सुनी वर येत होती तेवढ्या दिवसांत हा इथे सुजत होता, आणि सुजेला सगळे बाळसं समजले होते.

मी तिला तिच्या हाताने दाबायला लावलं. तिने अंगठा उचलला आणि खड्ड्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, याला दवाखान्यात न्यायला हवं, आजच. कोणी नाही म्हटलं नाही. टोळीतल्या दोन बाया कापसातून मान वर करून बघत होत्या. जामसिंगने सुनीला झोळीतून काढून कडेवर घेतलं होतं, ती त्याच्या मानेला चिकटली होती.

“आते यानासंगे कोन बठी, ताई?” त्याने विचारलं. कागदावर अजून ‘माता’च होती.

मी काही बोलायच्या आत रुमलीबाईने कमरेची ओटी सोडली. निम्मा भरलेला कापूस तिने आपल्या गाठोड्यात नीट झाडला, गाठ मारली. मग रिकामी ओटी जामसिंगच्या कमरेला बांधली, सुनी त्याच्या कडेवर असल्यामुळे जरा एका बाजूला. आणि रमेशला उचलून माझ्या पुढे रस्त्याकडे चालू लागली.